एकच जलाशय, दोन राज्यं: गळ टाकण्याआधी पाणी कोणाचं ते विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या चार मित्रांनी मिळून हवा भरायची बोट आणि तिला लावायचं छोटं इंजिन घेतलंय. जुलैत तोतलाडोहला किंवा बावनथडीला जाऊन गळाने मासे धरायचा बेत आहे. दोन्ही जलाशयांचं पाणी काही महाराष्ट्रात, काही मध्य प्रदेशात. बोट आपल्या काठावरून सोडली तर नियम महाराष्ट्राचाच लागणार ना? एका परवान्यावर पलीकडे जाता येईल का? आणि मिळालेली मासळी घरी आणता येईल का?

मत्स्यव्यवसाय खात्यात असताना माझी बरीच वर्षं विदर्भातल्या तलावांच्या काठांवर गेली. हा प्रश्न तिथे फार वेळा ऐकला आणि विचारणाऱ्याचा गैरसमज बहुतेक वेळा तुमच्यासारखाच असायचा, की बोट जिथून सोडली तिथला कायदा. तसं नसतं. बोट आणि गळ त्या क्षणी ज्या हद्दीत आहेत तिथला कायदा लागतो. पण मला विचाराल तर राज्याची हद्द ही नंतरची गोष्ट. त्याआधी हे पाणी कोणाच्या ताब्यात आहे, ते पाहायचं.

तोतलाडोहचं आधी सांगून टाकतो, कारण तिथे पुढची चर्चाच उरत नाही. तोतलाडोहला गळ टाकायचा नाही. आपल्या बाजूला नाही, त्यांच्या बाजूलाही नाही. पेंच नदीवरचा हा जलाशय दोन्हीकडे व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे. आपल्या बाजूचं पेंच 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, मध्य प्रदेशच्या बाजूचं 1983 पासून. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे आणि तो केंद्राचा आहे, म्हणजे सीमा ओलांडली तरी तो बदलत नाही. त्या कायद्यातल्या ‘प्राणी’ या शब्दात मासाही येतो, त्याची अंडी आणि पिल्लंसुद्धा येतात. ‘आम्ही धरून परत सोडतो’ हा शहरातल्या हौशी मंडळींचा आवडता बचाव तिथे चालत नाही. परवानगीशिवाय आत शिरणं हाच मुळात गुन्हा आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. जप्त झालेली बोट, इंजिन, गळ हे सगळं सरकारजमा होतं, ते वेगळंच. त्यातून त्या पाण्यात मगरी आहेत आणि तुमची बोट हवेची आहे, हेही लक्षात असू द्या.

तोतलाडोहबद्दल एक वाक्य नागपुरात हमखास ऐकू येतं: ‘सुप्रीम कोर्टानं तिथे मासेमारीला परवानगी दिलीय.’ हे अर्धसत्य आहे. मध्य प्रदेश सरकारने उद्यानातून विस्थापित झालेल्या आदिवासींना 305 परवाने दिले होते. त्याविरुद्ध प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1997 मध्ये निकाल लागला. न्यायालयाने त्या कुटुंबांच्या पोटाचा विचार केला, पण अटी घातल्या. फोटो असलेलं ओळखपत्र हवं, ठरवून दिलेल्या वाटेनेच जायचं-यायचं, काठावर चूल पेटवायची नाही, पाण्यात प्लास्टिक टाकायचं नाही, किती मासळी निघते यावर देखरेख ठेवायची. ज्यांचं गाव आणि जमीन गेली त्यांच्यासाठी तो निकाल होता. रविवारी सकाळी एनएच 44 ने गाडी काढणाऱ्या आपल्यासाठी नव्हता.

आता बावनथडी. ह्यालाच राजीव सागर म्हणतात. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा हा संयुक्त प्रकल्प भंडारा जिल्ह्याचा तुमसर तालुका आणि बालाघाट जिल्ह्याची कटंगी तहसील यांच्या सीमेवर आहे. नदी वरून, सिवनी जिल्ह्यातल्या डोंगरांतून येते. तुमचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे लागू होतो.

अशा जलाशयावर तीन वेगवेगळे हक्क एकावर एक बसलेले असतात. पाणी आणि भिंत जलसंपदा विभागाची, म्हणून बोट सोडायची परवानगी तिथून. मासळीचा हक्क मत्स्यव्यवसाय विभागाकडून ठेक्याने ज्या संस्थेला मिळाला असेल तिचा. आपल्याकडे ती बहुतेक ढीवर-भोई समाजाच्या मच्छीमारांची सहकारी संस्था असते. आणि काठाला जंगल असेल तर काठ वन विभागाचा. ‘धरण सरकारचं, सरकार आपलं’ म्हणून जो थेट गळ टाकतो, त्याला पहिल्यांदा हटकतो तो अधिकारी नसतो, डोंग्यातला संस्थेचा माणूस असतो. त्याचं चुकत नाही. ठेक्याची रक्कम संस्थेने भरलेली असते, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासळीची पिल्लं, विकत आणून पाण्यात संस्थेने सोडलेली असते, आणि ती बाजारात नेण्याजोगी होईपर्यंत राखणही तीच माणसं करतात. तुमच्या गळाला लागलेला दोन किलोचा कटला हा त्यांनी पोसलेला असतो.

म्हणून आधी संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला भेटा. पैसे ठरवा, पावती घ्या. पावतीवर तारीख, माणसं किती, गळ किती आणि मासळी किती न्यायची हे लिहून घ्या. ‘अहो, आपलीच ओळख आहे’ यावर जाऊ नका, कारण काठावर तुमची ओळख असलेला माणूस असेलच असं नाही. मध्य प्रदेशात हक्कदार शोधायला थोडं जास्त फिरावं लागतं. तिथे लहान तलाव ग्रामपंचायतीकडे, त्याहून मोठे जनपद (म्हणजे तालुक्याच्या) आणि जिल्हा पंचायतीकडे, आणि फार मोठे जलाशय राज्याच्या मत्स्य महासंघाकडे अशी वाटणी आहे. त्यामुळे आपल्या संस्थेची पावती तिकडच्या पाण्यात निव्वळ कागद ठरते, आणि उलटही तसंच.

इथे राज्याची हद्द येते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय हा राज्यांच्या सूचीत आहे, 21 व्या नोंदीत. केंद्राकडे फक्त प्रादेशिक समुद्राच्या पलीकडची मासेमारी. म्हणून अंतर्गत पाण्यासाठी साऱ्या देशात चालेल असा परवाना आपल्याकडे नाही. दोन राज्यांनी मिळून एक परवाना काढावा, हे अशक्य मात्र नाही. अमेरिकेत टेक्सास आणि ओक्लाहोमा यांच्या सीमेवर टेक्सोमा नावाचा जलाशय आहे, तिथे दोन्ही राज्यांच्या पाण्यात चालणारा त्या जलाशयापुरता खास परवाना मिळतो. बावनथडीचं पाणी दोन राज्यांनी वाटून घेतलं, तसा मासळीचाही एकच कागद काढला असता तर दोन्ही काठांच्या ढीवरांची भांडणं कमी झाली असती, असं माझं मत आहे. पण सध्या ते नाही. तुम्हाला दोन्हीकडे गळ टाकायचा असेल तर दोन्हीकडची परवानगी हवी, एवढंच.

गंमत म्हणजे मध्य प्रदेशचा जो मत्स्यक्षेत्र कायदा तुम्हाला तिकडे लागू होईल, तो 1948 चा आहे. तेव्हा हे दोन्ही काठ एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, आणि राजधानी होती आपलं नागपूर. 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला. आपल्याकडे पुढे 1960 चा महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम आला आणि तिकडे जुना कायदा राहिला. आपल्याच शहराच्या राजवटीत झालेल्या कायद्याखाली आपण तिकडे परके!

आता जुलैचं. या एका महिन्यामुळे तुमचा सगळा बेत बदलायला हवा. मध्य प्रदेशात 1972 च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद ऋतू, म्हणजे मासेमारी बंदीचा काळ असतो. नदीशी संबंध नसलेली लहान तळी त्यातून वगळलेली आहेत, पण बावनथडी नदीवरच आहे, तेव्हा ती सूट इथे नाही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. छत्तीसगडमध्येही तारखा ह्याच आहेत, दंडाची रक्कम तेवढी जास्त आहे.

आपल्याकडचे लोक ह्या तारखांची कोकणातल्या तारखांशी गल्लत करतात. 1 जून ते 31 जुलै ही बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांसाठी आहे, सागरी मासेमारीच्या कायद्याखालची. तिचा भंडारा-नागपूरच्या तलावांशी संबंध नाही. टीव्हीवर ‘मासेमारी बंदी उठली’ अशी बातमी 1 ऑगस्टला लागली म्हणून कोणी बावनथडीच्या पलीकडल्या पाण्यात गळ टाकला, तर तो तिथे बंद ऋतूतच सापडतो. महाराष्ट्राच्या बाजूच्या तलावाला पावसाळ्यात काय अट आहे, ते त्या तलावाच्या ठेक्याच्या करारात आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात तपासायचं. संस्थेचा सचिव करार दाखवतो, फक्त मागायला लाज वाटू देऊ नका.

ह्या बंदीमागचं कारण समजलं की ती जाच वाटत नाही. रोहू, कटला, मृगळ ही आपली मुख्य मासळी साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही. पहिल्या मोठ्या पावसाचा लोंढा आला की अंड्यांनी भरलेल्या माद्या प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या बाजूला चढतात आणि नदी जिथे जलाशयात शिरते तिथल्या उथळ, नुकत्याच बुडालेल्या गवतात अंडी सोडतात. तेव्हा मासा गुडघाभर पाण्यात असतो, शुद्धीवर नसल्यासारखा. पोरंसुद्धा काठीने मारतात. एक मादी काढली की पुढच्या वर्षीची लाखभर पिल्लं गेली. आता नकाशा पाहा. पेंच घ्या किंवा बावनथडी घ्या, नदी मध्य प्रदेशातून खाली येते, म्हणजे अंडी घालायच्या जागा मुख्यतः वरच्या अंगाला, त्यांच्या हद्दीत, आणि वाढलेली मासळी भिंतीजवळच्या खोल पाण्यात. आपल्या बाजूच्या संस्थेच्या जाळ्यात येणारा रानटी मासा वरच्या बंदीच्या भरवशावरच वाढलेला असतो. म्हणून मी आपल्या लोकांना नेहमी सांगत आलो की करारात लिहिलेलं असो वा नसो, पलीकडे बंद ऋतू असेपर्यंत आपणही नदीच्या तोंडाकडे जाऊ नये.

मासळी घरी आणण्याच्या प्रश्नात एक छुपा खड्डा आहे. मध्य प्रदेशात बंद ऋतूत मासे पकडणंच नव्हे, तर त्यांची खरेदी-विक्री आणि वाहतूकही बंद असते. समजा तुम्ही महाराष्ट्राच्या पाण्यात, संस्थेच्या पावतीवर, रीतसर मासे धरले आणि रस्ता बरा म्हणून गाडी कटंगीकडून काढली. तिकडे गाडी तपासली तर बर्फाच्या डब्यातला मासा कुठला हे सिद्ध करायचं काम तुमच्यावर येतं. म्हणून जाताना-येताना तुमसरकडचाच रस्ता धरा, आणि पावती मोबाइलमध्ये फोटो काढून न ठेवता मूळची जवळ ठेवा. वादळात बोट पलीकडच्या काठाला लागली तर मासळी पाण्यात सोडून द्या आणि मगच उतरा. चार किलो मासळीसाठी दोन राज्यांच्या कार्यालयांत खेटे घालण्यात अर्थ नाही.

‘पाण्यावर कुठे रेघ आखलीय?’ हा युक्तिवादही ऐकून ठेवा, कारण तुमच्यातला कोणीतरी तो करेलच. रेघ नाही हे खरं. राज्याची हद्द धरणाच्या आधीच्या जमिनीवर आखलेली होती, ती आता पाण्याखाली आहे, आणि पाणी चढतं-उतरतं तसा काठ सरकतो, हद्द सरकत नाही. पण हद्द नक्की कळत नसल्याचा फायदा आरोपीला मिळत नाही. गुन्हा कोणत्या भागात घडला हे अनिश्चित असेल, किंवा थोडा इथे थोडा तिथे घडला असेल, तर त्यातल्या कोणत्याही भागातल्या न्यायालयात खटला चालू शकतो. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 178 व्या कलमात होती, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती 198 व्या कलमात आहे. म्हणजे संशयाच्या पट्ट्यात तुम्ही दोन्हीकडून सापडता.

उपाय साधा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरून हद्द मोबाइलमधल्या नकाशावर आधी घरीच चढवून ठेवा, तिथे नेटवर्कवर विसंबू नका. आणि त्या रेघेपासून अर्धा किलोमीटर अलीकडेच थांबा. वाऱ्याने हवेची बोट किती वाहवत जाते हे गळाकडे डोळे लावून बसलेल्याला कळत नाही, म्हणून नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या तिप्पट तरी लांब असावा.

बोटीबद्दल. वल्ह्याची बोट आणि इंजिनाची बोट यांत कायद्याने फरक आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन आता अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आलाय. इंजिन लावलं की बोट यंत्रचालित होते आणि तपासणी, नोंदणी हे विषय येतात. बोट हवेची आहे म्हणून ती आपोआप सुटत नाही, सूट असली तर राज्याच्या आदेशात असते. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. ह्या कायद्याची एक चांगली बाजू अशी की नोंदणीचं प्रमाणपत्र देशभर चालतं, राज्य ओलांडलं म्हणून नव्याने काढावं लागत नाही. पण ते बोटीचं प्रमाणपत्र झालं, मासळीचं नाही. आणि जलसंपदा विभागाची त्या जलाशयापुरती परवानगी तरीही लागते. माझा सल्ला विचाराल तर पहिल्या वर्षी इंजिन घरीच ठेवा. वल्ह्याने फिरा, तुम्ही फार लांब जाणार नाही आणि हद्दीचा निम्मा प्रश्न तिथेच मिटेल. लाइफ जॅकेट मात्र प्रत्येकाच्या अंगात हवं, बोटीत पसरून ठेवलेलं चालत नाही.

विदर्भाच्या बाकीच्या सीमांवरही हेच तत्त्व, फक्त नावं बदलतात. गोंदियाकडे वाघ नदी आणि वैनगंगेचा काही भाग बालाघाटच्या सीमेवर आहे, म्हणजे 16 जूनची तारीख तिथेही लक्षात ठेवायची. यवतमाळच्या खाली पैनगंगा आणि गडचिरोलीला प्राणहिता ह्या तेलंगणाच्या सीमेवर, आणि इंद्रावती छत्तीसगडच्या. प्राणहितेच्या तेलंगणाकडच्या काठावर अभयारण्य आहे, इंद्रावतीच्या छत्तीसगडकडच्या काठावर व्याघ्र प्रकल्प. तिथे पुन्हा तोतलाडोहचाच नियम. सिरोंचाजवळ मेडिगड्डा बंधाऱ्यात 2023 पर्यंत पाणी अडवलं जायचं, तेव्हा त्या साठ्यात तर नदीचं जुनं पात्रच ओळखू येत नव्हतं, त्यामुळे ओळखीच्या खडकावरून हद्द ठरवायची स्थानिकांची रीत तिथे चालत नव्हती.

दोन गोष्टी कोणत्याही काठावर सारख्या. स्फोटकं किंवा विष वापरून मासे मारणं 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. तुम्ही ते करणार नाही हे मला माहीत आहे, पण काठावर कोणी तसे मारलेले मासे स्वस्तात देऊ केले तर घेऊ नका. डोळे पांढरे आणि पोट फुगलेलं असेल तर समजून जा. आणि गळाला कासव लागलं किंवा जाळ्यात पाणमांजर अडकलं तर त्याच्यासोबत फोटोबिटो काढत बसू नका. दोन्हींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दोरी कापा, सोडून द्या.

आता तुमच्या बेताचं. जुलैत बोट काढायचीच असेल तर रामटेकच्या खिंडसीला जा. तिथे नौकाविहार चालतो, सगळं पाणी महाराष्ट्रातलं आहे, आणि स्वतःची बोट सोडता येईल का हे तिथल्या व्यवस्थापनाला विचारून घ्या. गळ त्या दिवशी घरीच असू द्या. बावनथडीसाठी 15 ऑगस्टनंतरचा, खरं तर पोळा होऊन पाऊस ओसरल्यानंतरचा एखादा रविवार धरा. त्याआधी आठवडाभर तुमसरच्या बाजूच्या संस्थेला फोन करून ठेवा आणि भंडाऱ्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात ठेका सध्या कोणाकडे आहे ते विचारून घ्या. ठेके बदलतात, आणि गेल्या वर्षीच्या माणसाला दिलेले पैसे ह्या वर्षीच्या संस्थेला मान्य नसतात.